चाखणी क्रमांक एक

मंगळवार, ८ जुलै १९९७. सबासबाच्या, म्हणजे सात जुलैच्या सणाच्या, सुट्टीनंतरचा दिवस. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ताबोराच्या मधसंघाच्या डेपोत कालुंडेने पहिला चमचा तोंडात घातला आणि मध कडू लागला.

थोडाथोडका नाही, हिवतापाच्या गोळीसारखा कडू. तिने दुसऱ्या डब्यातला चमचा घेतला. तोही कडू. तिसरा कडू, चौथा त्याहून कडू. दुपारच्या जेवणापर्यंत तिने एकोणीस डबे नापास केले. ते डबे सायकलला बांधून जंगलातून आणणारी एकोणीस माणसे आवारातल्या आंब्याखाली बसून तिच्याकडे असे पाहू लागली, जणू तिने डबे नव्हे, त्यांच्या लेकीच नापसंत केल्या होत्या.

कालुंडेचे वय त्रेपन्न. त्यातली सव्वीस वर्षे तिने या डेपोत मध चाखण्यात घालवली होती. मध कोणत्या गावचा, पोळे काढताना धूर जास्त झाला का, डब्यात आधी रॉकेल होते का, हे ती एका चमच्यात सांगे. एकदा तर तिने एका माणसाला, "तुझी बायको रागावून माहेरी गेलीय का रे?" असे विचारले होते. तो चक्रावला. "कसं कळलं?" "गाळायचं फडकं धुतलेलं नाही, मधाला घामाचा वास येतोय." गावोगावचे मधवाले तिच्या जिभेला देवासारखे भीत.

आणि आता ती जीभ बसली होती.

तसे पाहिले तर जीभ एका दिवसात बसली नव्हती. तिची सुरुवात सोमवारी, ५ मे रोजी झाली. त्या दिवशी नवे व्यवस्थापक आले. वय अडतीस-चाळीस, शर्टाची घडी अशी की बोट कापावे, खिशात एक बॉलपेन. ते पेन ते सतत दाबत. टिक, टिक, टिक. बुटांचा करकर आवाज आणि पेनाची टिकटिक एकत्र ऐकू आली की समजायचे, साहेब मागे उभे आहेत.

पहिल्या दिवशी त्यांनी सर्वांना रांगेत उभे केले आणि सांगितले, "कामाच्या जागी मला नाव नाही, गाव नाही, नातं नाही. तुम्हालाही नाही. मी व्यवस्थापक. बस्स."

खरोखरच त्यांचे नाव कुणाला कळले नाही. सूचनांखाली सही असे ती नुसती 'क. प.' अशी. टंकलेखिका सिकुजुआ ही तेवीस वर्षांची, गोल चेहऱ्याची मुलगी; त्या सूचना तीच टंकित करी, पण तिलाही त्या दोन अक्षरांपलीकडे काही माहीत नव्हते.

सूचना मात्र भराभर निघाल्या. सूचना क्रमांक ४ : व्हरांड्यात हसू नये. सूचना क्रमांक ९ : सकाळचे अभिवादन एका वाक्यात संपवावे.

ही नऊ नंबरची सूचना सर्वांत जिव्हारी लागली. ताबोरात माणूस माणसाला भेटला की आधी रात्र कशी गेली हे विचारायचे, मग घर कसे आहे, मुले कशी आहेत, शेत कसे आहे, म्हातारीचा गुडघा कसा आहे, आणि शेवटी कोंबड्या. कोंबड्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखाच वाटत नाही. एका वाक्यात हे कसे मावणार? मग लोक फाटकाबाहेर उभे राहून अभिवादन करू लागले. त्यामुळे सगळेच पंधरा मिनिटे उशिरा येऊ लागले. त्यावर सूचना क्रमांक १० निघाली : फाटकाबाहेर कोंबड्यांची चौकशी करू नये.

सूचना क्रमांक १४ ने नावे गेली. प्रत्येकाला पदाने हाक मारायची. कालुंडे झाली 'चाखणी क्रमांक एक'. क्रमांक दोन कुणी नव्हतेच. वजनकाट्यावरचा मिहाम्बो हा तिच्यासोबत वीस वर्षे काम करणारा उंच, हडकुळा माणूस. तो झाला 'वजन'. "वजन, इकडे या," असे साहेब म्हणाले की मिहाम्बो आपल्या हाडांकडे खजील होऊन पाही.

आणि सूचना क्रमांक १७ : दर शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या एका सहकाऱ्याचा एक दोष लिहून पेटीत टाकावा. जो दोष लिहिणार नाही, तो दोष लपवतो असे मानले जाईल.

पहिले दोन-तीन शुक्रवार सर्वांनी हे सांभाळून घेतले. गुरुवारी चहाच्या वेळी वाटाघाटी होत.

"कालुंडेताई, या आठवड्यात तुला कुठला दोष देऊ?" मिहाम्बो विचारी.

"मागच्या वेळी काय दिलास?"

"चप्पल वाजवते."

"मग आता लिही, खोकते."

"तू कुठे खोकतेस?"

"उद्या सकाळी खोकते दोनदा. लिही तू."

पण माणसात दोष किती असणार, आणि निरुपद्रवी दोष तर बोटावर मोजण्याइतकेच. जूनच्या अखेरीस ते संपले. मग चिठ्ठ्या खऱ्या होऊ लागल्या. कुणी कुणाला न सांगता लिहू लागले, हात आडवा धरून. चहाला बसलेले लोक कपात पाहून चहा पीत, न जाणो, 'चहा पिताना इकडेतिकडे पाहतो' असे कुणी लिहिले तर. शुक्रवारी, ४ जुलैला साहेबांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, नेहमीप्रमाणे लिहिणाऱ्याचे नाव न सांगता. त्यात एक होती :

'चाखणी क्रमांक एकची जीभ म्हातारी झाली आहे.'

साहेबांनी पेन दाबले. टिक.

कालुंडे घरी गेली. सव्वीस वर्षांत तिच्या नाकाला, गुडघ्याला, स्वयंपाकाला लोकांनी नावे ठेवली होती, जिभेला कुणी ठेवले नव्हते. शनिवार, रविवार आणि सबासबाचा सोमवार तिने एकच विचार केला : कुणी लिहिले? मिहाम्बोने? सिकुजुआने? पहारेकऱ्याने? आणि मंगळवारी मध कडू लागला.

नवरा मसांजिला शिंपी होता. त्याने घरीच तपासणी केली. चमचाभर साखर दिली.

"कडू," कालुंडे म्हणाली.

मीठ दिले.

"खारट. बरोबर आहे."

"रताळ्याची सुकी फोड?"

"कडू."

"माझ्या हातचा चहा?"

"तो पहिल्यापासूनच कडू असतो."

"म्हणजे अर्धी जीभ शाबूत आहे," मसांजिला म्हणाला आणि तिला दवाखान्यात पाठवून मोकळा झाला.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिचा कागद पाहिला आणि मानही वर न करता विचारले, "मधाच्या डेपोतून ना? उचकी की डोळा?"

"काय?"

"टंकलेखिका मंगळवारी येऊन गेली, तिला उचकी लागलीय. बूट करकरले की सुरू होते म्हणाली. वजनकाट्यावरचे गृहस्थ काल आले. त्यांचा डावा डोळा लवतो. एका मेणवालीला वाटलं त्यांनी तिला डोळा मारला, तिने चप्पल फेकली. ती जखम वेगळी बांधली. तुमचं काय?"

"जीभ."

डॉक्टरांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, रक्त तपासले. "मावशी, तुम्हाला रोग नाही," ते म्हणाले. "तोंडाला पाणीच सुटत नाही तुमच्या. माणूस सारखा दबकून, चिडून, संशयाने राहिला की तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडाला चव नसते. गोळी देतो ती फक्त तुमच्या समाधानासाठी. खरं औषध म्हणजे त्या डेपोतून निघा, नाहीतर तुमच्या साहेबांना माझ्याकडे पाठवा."

"साहेबांना काय झालंय?"

"ते मला कसं कळणार? पण तीन माणसं एका आठवड्यात आजारी पडतात, तेव्हा चौथाही असतोच कुठेतरी."

गोळीने काही झाले नाही. डबे नापास होत राहिले. मधवाले बोंब मारू लागले, आणि बुधवारी, १६ जुलैला सूचना क्रमांक २९ लागली : चाखणी क्रमांक एकने शुक्रवार दि. २५ रोजी सकाळी दहा वाजता, राजधानीहून येणाऱ्या परीक्षकांसमोर बारा चमच्यांची परीक्षा द्यावी. नऊपेक्षा कमी उत्तरे बरोबर आल्यास सिकोंगे येथील मेणकोठारात बदली करण्यात येईल.

मेणकोठारात चाखण्यासारखे काहीही नसते. तिथे मेण असते आणि मेणाकडे पाहत बसलेली माणसे असतात. पेन्शनला सात वर्षे उरली होती. कालुंडेने ती सूचना तीनदा वाचली. सिकुजुआ टंकलेखनयंत्रामागून पाहत होती.

"ताई, मी टंकित केलं, हुक्, पण मी केलं नाही हो ते."

"तू नाहीस केलंस. तू कधी काही करतेस का?" कालुंडे फटकन म्हणाली. आणि लगेच तिला वाईट वाटले, कारण आधी ती असे बोलत नसे.

बुधवारी, २३ जुलैला सकाळी साडेअकरा वाजता फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. कालुंडे बाहेर आली. फाटकात पासष्टीची एक बुटकी, रुंद बाई उभी होती. अंगाला गुंडाळलेला फुलाफुलांचा खांगा, हातात भलीमोठी टोपली. पहारेकरी वही पुढे करून तिला विनवीत होता.

"आजी, इथे पद लिहावं लागतं. सूचना क्रमांक बावीस."

"पद? माझं पद आत्या. लिही, आत्या."

"कुणाची?"

"तुझ्या साहेबाची. दोन दिवस गाडीत बसून आलेय. हाडं मोजून घे, एखादं डब्यात राहिलं असेल." मग तिचे लक्ष कालुंडेकडे गेले. "तू कोण गं?"

"चाखणी क्रमांक एक."

"मी नाव विचारलं. घराचा नंबर नाही."

कालुंडेने मागे पाहिले. साहेब गावात गेले होते. "कालुंडे," ती हळूच म्हणाली.

"कालुंडे! म्हणजे न्यामवेझी की काय?"

"हो. इथे बहुतेक सगळे न्यामवेझीच."

म्हातारीने टोपली खाली ठेवली. दोन्ही हात कमरेवर ठेवले. चेहरा असा उजळला की दोन दिवसांचा प्रवास पार पुसला गेला. "तरीच म्हटलं, स्टेशनापासून तुम्हा अळंबीखाऊंचा वास कुठून येतोय! अगं ए हमालाच्या पणती, पाहुणी उन्हात उभी आहे नि तू बघत काय बसलीस? उचल टोपली डोक्यावर! तुमची डोकी देवाने चपटी केलीत ती कशासाठी?"

पहारेकऱ्याच्या हातातली वही पडली.  कालुंडेच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मे महिन्यापासून तो आला नव्हता, म्हणून तिला स्वतःलाच ओळखता आला नाही. ते हसू होते.

"तुम्ही झारामो?"

"नाहीतर काय, बेल्जियन?"

झारामो आणि न्यामवेझी यांच्यात थट्टेचे नाते आहे. तिकडे त्याला उतानी म्हणतात. पणजोबांच्या काळी न्यामवेझी हमालांचे तांडे हस्तिदंत डोक्यावर घेऊन झारामोंच्या मुलखातून समुद्राकडे जात, तेव्हापासूनचे हे नाते. एकमेकांना वाटेल ते बोलायचे, टोपी पळवायची, लग्नात आणि मयतातसुद्धा टवाळी करायची. आणि ज्याची टवाळी झाली त्याने रागवायचे नाही, सवाई उत्तर द्यायचे. जो रागावला त्याचे हसे त्याच्या नातवंडांपर्यंत पुरते. विहिणीविहिणींचे लग्नातले टोमणे घ्या आणि ते दोन अख्ख्या जमातींना जन्मभरासाठी वाटून द्या, म्हणजे कल्पना येईल.

"टोपली उचलीन हो," कालुंडे म्हणाली, "पण आत नारळच असणार. तुम्हा समुद्राकाठच्या ढोलवाल्यांना नाचताना डोक्यात काहीतरी वाजायला लागतं ना."

"शाबास!" म्हातारी खूश झाली. "आमच्या कोंडोला तुम्ही रोज असंच धुऊन काढत असाल. कसा आहे तो?"

"कोण कोंडो?"

"अगं तुमचा साहेब! कोंडो पाझी. माझ्या भावाचा मुलगा. झारामोतला झारामो."

 मिहाम्बोचा डोळा लवायचा थांबला आणि दुप्पट वेगाने सुरू झाला.

आत्याने मग आंब्याखाली बसून, चहा घेत, सगळे सांगितले. कोंडोचे लग्न झाले तेव्हा त्याचे काही न्यामवेझी थट्टेकरी आले होते. त्यांनी सकाळी नवरदेवाची विजार पळवली आणि दुपारपर्यंत दिली नाही. तो आत्याचा खांगा गुंडाळून लग्नाला उभा राहिला. खांग्यावर अननस छापलेले होते. फोटोही आहे. "बाकीचे हसले, तोही हसायला हवा होता. पण तो लहानपणापासून असा, नाकावर माशी बसू देत नाही. ताबोराच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा तीन दिवस जेवला नाही. म्हणाला, आत्या, अख्खं गाव माझी थट्टा करायला मोकळं! मी कुणाला नाव सांगणार नाही, कुणाचं विचारणार नाही."

"म्हणजे साहेब आम्हाला घाबरतात?" सिकुजुआने विचारले. तिला उचकी लागली नाही.

"रात्री दात खातो. मागच्या पत्रात लिहिलंय, पोटात आग पडते. दूधभात खातो बिचारा."

बाकीच्यांना आता चेव आला. "कालुंडेताई, तूच बोल! तू वयाने मोठी आहेस."

कालुंडेने मान हलवली. नाते खरे होते, पण बदलीचा कागदही खराच होता. परवा परीक्षा. उद्या साहेबांना छेडायचे आणि परवा त्यांच्यासमोर बारा चमचे चाखायचे, हे तिला झेपणारे नव्हते. शिवाय ती चिठ्ठी लिहिणारा याच लोकांत बसून चहा पीत होता. "माझं मला पाहू द्या," ती म्हणाली आणि उठून गेली. संध्याकाळी घरी तिने साखर चाखून पाहिली. कडू.

शुक्रवार, २५ जुलै. दहाला पाच कमी. लांब टेबलावर पांढरे कापड, त्यावर बारा काचेच्या वाट्या, एक पाण्याचा पेला आणि थुंकायला पत्र्याचा डबा. चाखणारा मध गिळत नाही. एक चमचा गिळला की पुढच्या चमच्यात त्याची चव मिसळते. परीक्षक म्बागा हे जाड चष्म्याचे, शांत गृहस्थ. त्यांच्याकडे उत्तरांचा बंद लिफाफा होता. दारात सगळा डेपो दाटीवाटीने उभा होता. आत्या खुर्ची ओढून सर्वांत पुढे बसली होती. तिला घरी न्यायला मध हवा होता आणि तो चांगला निवडला जावा अशी तिची इच्छा होती.

साहेब कालुंडेच्या बरोबर मागे उभे राहिले. करकर. टिक, टिक.

पहिला चमचा. कडू. तिने रंग पाहून गावाचे नाव सांगितले. म्बागांनी लिहून घेतले. दुसरा चमचा. कडू. वासावरून अंदाज केला. टिक, टिक. तिसरा चमचा तिने तोंडात ठेवला आणि तो तसाच राहिला, कारण जिभेवर थुंकीचा थेंब नव्हता. मध टाळूला चिकटला. दारातून आवाज आला, "हुक्." मिहाम्बोचा डोळा परीक्षकांकडे पाहून लवला; परीक्षकांनी गोंधळून मान लववली.

टिक, टिक, टिक.

कालुंडेने मागे वळून पाहिले. साहेब एका हाताने पेन दाबत होते. कपाळावर घाम होता, आणि दुसरा हात पोटावर दाबलेला. तिला एकदम डॉक्टरांचे बोलणे आठवले : चौथाही असतोच कुठेतरी. तिने पाण्याचा घोट घेतला, चूळ भरली, डब्यात थुंकली, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"साहेब, जरा लांब उभे राहा. तुमच्या अंगाला सुक्या मासळीचा वास येतोय. मला मध कळत नाही."

टिकटिक थांबली.

"चाखणी क्रमांक एक!"

"चाखणी गेली मेणात. मी कालुंडे. माझ्या पणजोबांनी तुमच्या पणजोबांची पेटी डोक्यावर घेऊन समुद्र गाठला. मान मोडली बिचाऱ्याची. हस्तिदंत आहे, हस्तिदंत आहे, म्हणत होते तुमचे. आणि पेटी उघडली तर आत काय? ढोल! पणजोबांकडून फुकटात ढोल वाहवून घेतला तुम्ही लोकांनी!"

 साहेबांचा चेहरा आधी राखाडी झाला, मग तांबूस, मग त्याला काही रंगच राहिला नाही.  आता राग येतो की उत्तर येते, एवढाच प्रश्न होता.  राग आला तर सिकोंगेची गाडी दुपारी दोनला होती.

"उत्तर दे रे कोंडो!" आत्याने मांडीवर थाप मारली. "झारामोंचं नाक कापू नकोस!"

"तुझे पणजोबा..." साहेब पुटपुटले.

"मोठ्यांदा! मला ऐकू कमी येतं!"

"तुझ्या पणजोबांनी पेटी वाहिली, हे खरं!" साहेब ओरडले, आणि आपल्याच आवाजाने दचकले. "पण वाटेत अळंबी दिसली की पेटी टाकून पळायचे! आमच्या घरी आहे ती पेटी अजून! सतरा पोचे आहेत तिला! सतरा! ढोल फुटला तो फुटलाच!"

 मग दार, खिडक्या आणि व्हरांडा एकदम हसले. सूचना क्रमांक ४ चे काय झाले ते कुणी पाहिले नाही.

"फुटला ते बरं झालं," कालुंडे म्हणाली. "नाहीतर लग्नात अननस नेसून नाचला असतात!"

"आत्या!" साहेब कळवळले.

"सांगितलं मी," आत्या निर्लज्जपणे म्हणाली. "फोटो घरी राहिला, नाहीतर दाखवला असता."

"निदान माझ्या अंगावर अननस तरी होते," साहेब कालुंडेकडे वळले, आणि आता त्यांचे डोळे वेगळेच चमकत होते, "तुमच्या लोकांना विजार कशी घालतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून नेली ना शिकायला? दुपारी परत दिली तेव्हा बाह्या समजून हात घातलेले होते!"

परीक्षक म्बागांनी लिफाफा खाली ठेवला. "मी पारे जमातीचा," ते कुणालातरी म्हणाले. "माझे थट्टेकरी वेगळे. पण चालू द्या."

कालुंडेने हात लांबवून साहेबांचे पेन हिसकावले. थट्टेच्या नात्यात पळवलेली वस्तू मागून मिळत नाही, सोडवून घ्यावी लागते. हे साहेबांना जन्मापासून ठाऊक होते.

"काय हवं?" त्यांनी विचारले.

"शुक्रवारची पेटी."

साहेबांनी पेटीकडे पाहिले, पेनाकडे पाहिले. "घेऊन जा," ते म्हणाले. "मलाही त्या चिठ्ठ्या वाचून झोप येत नव्हती."

"थांब, कालुंडेताई," मिहाम्बो गर्दीतून पुढे आला.  "जिभेचं मी लिहिलं होतं."

"तू?"

"दोष संपले होते गं. तासभर बसलो. तुझ्यात काही सापडेना. मग म्हटलं, जे सगळ्या मुलखाला खोटं वाटेल असं काहीतरी लिहावं, म्हणजे कुणी मनावर घेणार नाही. आणि तू घेतलंस."

"मूर्खा," कालुंडे म्हणाली, "माणूस खोट्यालाच जास्त लावून घेतो. मला विचारायचं होतंस. मी घोरते. नवऱ्याला विचार."

मिहाम्बो रडू लागला. डोळा लवत नव्हता, म्हणून ते रडणेच आहे हे सर्वांना नीट कळले. सिकुजुआ हसून हसून भिंतीला टेकली होती. उचकी कधी गेली ते तिच्या लक्षातही आले नाही.

म्बागांनी घड्याळ पाहिले आणि कागदावर नोंद केली : परीक्षेत विलंब, बावीस मिनिटे, कारण, नातेवाईक. मग म्हणाले, "बाई, पहिल्यापासून घ्या. आधीची उत्तरं धरत नाही."

कालुंडेने पहिला चमचा उचलला. तोंडात घालण्याआधीच तिच्या जिभेखाली पाणी सुटले. मध जिभेवर टेकला, पसरला, गालांकडे गेला. गोड. आणि त्या गोडीमागून हळूहळू एकेक गोष्ट येऊ लागली : मतुंडूच्या झाडाची तुरट झाक, थोडा धूर, आणि धुतलेले फडके.

"उरांबो," ती म्हणाली. "उत्तरेकडचं रान. आणि या माणसाची बायको माहेरून परत आलीय."

बारापैकी दहा उत्तरे बरोबर आली. एक खरेच चुकले. दुसऱ्याबद्दल ती म्बागांशी वाद घालत राहिली, की माझी जीभ बरोबर आहे, तुमचा लिफाफा चुकलाय. म्बागांनी नऊपेक्षा जास्त आले म्हणून शिक्का मारला आणि वादातून सुटका करून घेतली. बारावा चमचा तिने थुंकला नाही, गिळला. पुढे काही चाखायचे नव्हते.

सर्वजण आपापल्या कामाला गेले. साहेब टेबलाशी रेंगाळले. त्यांचा हात अजून पोटावर होता, पण नुसता ठेवलेला, दाबलेला नाही.

"कालुंडेबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ते अननसाचं... किती जणांना कळलंय?"

"बुधवारी सांगितलं आत्याबाईंनी. काल बाजाराचा दिवस होता. म्हणजे स्टेशनापलीकडची काही घरं राहिली असतील."

साहेबांनी डोळे मिटले. "मग सोमवारपासून..."

"सोमवारपासून आठ वाजता तुमच्या दाराशी रांग लागेल. सगळं गाव येईल उट्टं काढायला."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. आंब्याखाली आत्या पहारेकऱ्याला त्याच्या टोपीवरून काहीतरी सुनावत होती.

"आठला नको," ते म्हणाले. "साडेआठला लावा. त्याआधी मला कोंबड्यांची चौकशी करायची असेल."